भंडाऱ्याचा इहराम

दाभोळच्या मुनाफला जहाजावर कोणी नावानं हाक मारत नसे. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, तसा तो भंडारीचाचा. अख्ख्या जहाजावर नमाज पढणारा एकटाच. जहाज वळलं की किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, बदले, म्हणून तो दर वेळी वर ब्रिजवर, जहाज चालवणाऱ्यांकडे, फोन लावी, "साहेब, तोंड कुठं आहे आपलं?" पोरं हसत. हसेनात का! ईदला हा शीरखुर्मा करी, सगळ्यांना वाटी वाटी देई आणि गळाभेटीला कोणी नाही म्हणून गॅलीत, जहाजाच्या स्वयंपाकघरात, उभ्यानंच स्वतःची वाटी संपवी. जीव तुटे त्याचा, खोटं कशाला सांगू?

आणि जेद्दा! किती वेळा आलं नि गेलं. बंदरापासून मक्का गाडीनं तासाभराची वाट, पण याचा पाय कधी जमिनीला लागला नाही. दर खेपेला उतरू द्या म्हणून विनवायचं, दर खेपेला ऐकायचं, "पुढच्या वेळी बघू, चाचा." या खेपेला फोनवर सुरैया, त्याची बायको, भडकलीच. "दारात जाऊन किती वेळा परत याल हो? काही लाज आहे का त्या जहाजाला!"

ते लागलं त्याला. यलमलम, म्हणजे हाजींनी जिथं इहराम बांधायचा ती हद्द, जवळ येताच मुनाफनं आंघोळ केली, इहरामच्या बिनशिवणीच्या दोन पांढऱ्या चादरी गुंडाळल्या, उमऱ्याची, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेची, नियत बांधली आणि "लब्बैक", हजर आहे मी, म्हणत गॅलीत येऊन उभा राहिला.

कॅप्टन सत्यजित कोल्हापूरचा, वयानं धाकटा. धावतच आला. "चाचा, हे काय? शेगडीजवळ लोंबते कपडे? बॉयलर सूट घाला!"

"शिवलेलं चालत नाही, साहेब."

"हेल्मेट?"

"डोकं झाकता येत नाही."

आता बोला! कॅप्टननं त्याला गॅलीबाहेर काढलं. मुनाफ शांतपणे म्हणाला, "फ्रिजमध्ये दोन दिवसांचं कालवण ठेवलंय. गरम तेवढं करून घ्या."

जेद्द्याच्या धक्क्याला लागेपर्यंत सगळ्यांनी समजावून पाहिलं. कॅप्टनचा सूरही मऊ झाला. "सोडा ना चाचा. अडलेल्याला काही सूट असेलच की तुमच्यात."

"आहे ना. अडवलं तर तिथंच सुटेन, अशी अट नियत बांधताना घालता येते." मुनाफनं सरळ डोळ्याला डोळा भिडवला. "मी मुद्दाम घातली नाही. आता उमरा झाल्याबिगर हे अंगावरनं उतरणार नाही."

कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग इथंच साइन ऑफ करून जहाजावरनं उतरवतो! घरी बसा. पुन्हा कोणतं जहाज घेतंय तुम्हाला ते बघतो!"

अजून पाचसहा वर्षांची नोकरी बाकी होती हो त्याची. घर त्याच्यावर चालायचं. त्यानं खांद्यावरची चादर सावरली. मग म्हणाला, "उतरवा, साहेब. इतकी वर्षं तेच तर मागतोय."

कॅप्टनला आता कळलं, याला हवं तेच आपण बोलून बसलो. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि ऐकायला सगळं जहाज उभं होतं. संध्याकाळी कंपनीचा बंदरातला एजंट ट्रान्झिट व्हिसा घेऊन आला; त्यावर उमराही करता येतो. घरी जायचं विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं. एजंटच्या गाडीचा ड्रायव्हर खालून ओरडला, "यल्ला, चला! एअरपोर्ट!"

"यल्ला," मुनाफ म्हणाला, "पण आधी मक्का."

शिडीपाशी कॅप्टन उभा होता. खाली बघत पुटपुटला, "चाचा, माझं नाव घ्या तिथं."

"घेईन," मुनाफ म्हणाला. "तुम्हाला माफ केलेलं नाही, तरी घेईन."

आणि तो शिडी उतरू लागला.