डबा खाली असतो तसं

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं, ‘प्रभूच्या दयेने बरी आहे.’ अंगात ताप असो, सासूशी कडाक्याचं भांडण झालेलं असो, दया कायम आणि आपण बरे! दिल्लीच्या द्वारकेत राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मी हे उत्तर इतक्यांदा दिलं की प्रभूलाही कंटाळा आला असेल.

नवऱ्याला गुडगावात मल्टिनॅशनलमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडलं. नवी कोरी सोसायटी, चौथा मजला. लिफ्ट लवकरच सुरू होणार होती, मेट्रो लवकरच येणार होती. घरात वॉशिंग मशीन होतं, केबल होती, दोन बाल्कन्या होत्या आणि पलंगावर मी होते. सकाळी मुलीचा डबा भरला की पुन्हा आडवी. रडू यायचं नाही, हसू यायचं नाही, जेवण नुसतं माती. पुण्यात चर्चच्या मंडळीत पेटी वाजवणारी, भल्याभल्यांची टोपी उडवणारी मी. इथे पेटी खोक्यातून बाहेरसुद्धा काढली नाही. ‘तुला होतंय तरी काय?’ असं नवरा विचारायचा, आणि मला शब्द सापडायचा नाही.

मुलगी सहा वर्षांची. शेजारच्या पंजाबी आंटी तिला संध्याकाळी बागेत न्यायच्या. तिथे ती उभ्याने झोका घ्यायला शिकली होती.

“आई, खाली चल ना. एकदाच बघ ना!”

“उद्या हं.”

तीन महिने मी त्या लेकराला ‘उद्या’ सांगत होते.

दिल्लीतली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाकडे तरी प्रार्थनेला जमायचो. त्या महिन्यात आमचं घर ठरलं. पोहे नवऱ्याने केले. मी साडी नेसले, हेच खूप झालं. मयूर विहारहून एक काका यायचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. माणूस प्रेमळ, पण प्रार्थना इतकी लांब की चहा निवायचा. आल्या आल्या आमच्या रीतीप्रमाणे म्हणाले, “सलाम! कशी आहेस?”

“प्रभूच्या दयेने बरी आहे.”

पण नवऱ्याने आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. सतरंजीवर बसता बसता काका म्हणाले, “अगं, विश्वासणाऱ्याला कसलं आलंय डिप्रेशन! गीतं म्हण, उपकारस्तुती कर, पळून जाईल.” मी मान डोलावली. सकाळपर्यंत मी नुसती आजारी होते, आता पापीही झाले.

प्रार्थनेत मुलीचा नंबर आला. तिने डोळे गच्च मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “प्रभू येशू, माझी आई खाली आहे. प्लीज काहीतरी कर.”

काका डोळे न उघडताच म्हणाले, “बाळा, आपण सगळेच खाली आहोत. खुर्च्या पुरल्या नाहीत.”

खसखस पिकली. पोरगी भडकली. “नाही! तसं खाली नाही! डबा खाली असतो तसं!”

दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या मुलांचं हे असंच. मराठी वाक्यात हिंदी शब्द कधी शिरतो, त्यांनाही कळत नाही. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. हसणं बंद झालं. मला तीन महिने न सापडलेला शब्द माझ्या पोरीला सापडला होता. पोह्यांच्या पातेल्याशेजारी बसून, सगळ्यांसमोर, मी पदरात तोंड घालून ओक्साबोक्शी रडले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं!

आमच्यात एक मावशी होत्या, उभा जन्म नर्सची नोकरी केलेल्या. त्या उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि तोफ वळवली काकांकडे. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणे गीतं म्हण! अहो, बायबलातला तो संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्याला गीत म्हणायला लावलं का? आधी झोपू दिलं. मग भाकर दिली, पाणी दिलं. परत झोपू दिलं. बोलणं सगळं नंतर!”

काका उठले, एका बशीत पोहे घेतले, वर लिंबू पिळलं आणि बशी माझ्या हातात ठेवली. एवढी छोटी प्रार्थना त्यांनी आयुष्यात केली नसेल.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला डॉक्टरकडे नेलं. मी कुरकुरले, “गोळ्या घेतल्या तर विश्वास कमी पडला असं नाही का होत?”

“टायफॉईडला घेतल्या असत्यास ना? मग गप गीळ.”

गोळ्यांनी लगेच काही चमत्कार झाला नाही. कित्येक आठवडे तोच पलंग, तेच छत. पण प्रभूशी मी आता ‘दयेने बरी’ वगैरे बोलत नव्हते. ‘प्रभू, मी खाली आहे,’ एवढंच म्हणायचे आणि कूस बदलायचे. तोही ऐकून घेत असावा, कारण मला पुन्हा झोप लागायला लागली.

मग एका संध्याकाळी खिचडीचा घास घेतला आणि ओरडले, “अहो, मीठ कुठेय यात?” चार-पाच महिन्यांत मला पहिल्यांदा चव कळली होती. नवरा इतका खूश झाला की मीठ आणायला गेला आणि साखर घेऊन आला. मी हसले. मग चपला शोधल्या.

चार मजले. दुसऱ्यावर दम खायला पायरीवर बसले. पुन्हा उठले. बागेच्या फाटकाशी पोचते न पोचते तोच झोक्यावरून किंकाळी आली, “आई खाली आली! आई खाली आली!”

बाकावरच्या पंजाबी आंटी दचकल्या. “क्या खाली हो गया, बेटा?”

“कुछ नहीं, आंटी,” माझी लेक झोक्यावर उभी राहत म्हणाली, “मेरी मम्मी आ गई.” आणि मग माझ्याकडे वळून, “आता बघ हं, आई.”