रेणू माहेरी जाणार नाही

तव्यावर थालीपीठ, आन्याचा एक मोजा बेपत्ता आणि माझा नवरा मनोहर ऑनलाइन मीटिंगमध्ये म्यूट न करता शिंकतोय. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या अशा रोजच्या सकाळी दारावर थापा पडल्या. इथे लोक बेल वाजवतात, तीही आधी मेसेज करून.

"आई, हू नॉक्स लाइक दॅट?" आन्याने विचारलं.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये असं दार ठोकणारी एकच. वरच्या मजल्यावरची रेणू, वर्ध्याची. सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून येऊन दोन महिनेही झाले नव्हते. वर्क परमिट तिचं. नवरा अनीश तिच्याच परमिटावर सोबत आलेला. गाडी चालवता येत नाही म्हणून फूटपाथ नसलेल्या रस्त्याने ती भाजीला चालत जाते, आणि कोणी हॉर्न वाजवला तर थांबून त्याच्याकडे रोखून बघते.

"मावशी, मला दिवस गेलेत," ती दारातच म्हणाली. "तिसरा भरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. म्हणून तुमच्याकडे आले."

मी तिला आत ओढलं. थालीपिठाच्या वासाने तिने नाक दाबलं, म्हणून दहीभात दिला. घास घेत घेत तिने सगळं सांगितलं.

नोकरी लागली तेव्हा कंपनीने विमा हवा का विचारलं होतं. दोघांनी 'नको' म्हटलं. निघताना पुण्यात प्रवासाचा विमा काढला होता ना, मग दोन दोन कशाला! आता क्लिनिकवाले म्हणाले, त्यात बाळंतपण बसत नाही. त्यांनी अपॉइंटमेंटसुद्धा दिली नाही. ऑफिसात विचारावं, तर तोंड उघडायचं नव्हतं. ते उघडलं, तोवर कंपनीचा विमा घ्यायची मुदत संपून गेली होती.

"एचआरची बाई म्हणते, आता बाळ झाल्यावर घेता येईल. झाल्यावर! म्हणजे लग्न उरकून स्थळं बघा."

तेवढ्यात अनीश तिला शोधत खाली आला. हातातल्या फोनवर त्याची आई होती.

"पहिलं बाळंतपण माहेरीच करतात गं. ये निघून. आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत."

"जाऊन ये ना यार," अनीश पुटपुटला. "आईही शांत होईल."

"जाऊन ये? कोथिंबीर आणायला चाललेय का? मी गेले की नोकरी गेली, नोकरीपाठोपाठ परमिट, आणि त्याच्यासोबत तू." मग ती फोनकडे वळली. "आई, माहेर माझंच आहे. मनात आलं तर जाईन. पण इथे डॉक्टर मिळाला नाही म्हणून काहून जाऊ?"

अनीशने 'नंतर बोलतो' म्हणत फोन ठेवला.

मी लायब्ररीत पुस्तकं लावायला जाते. तिथे गुरुवारी एक बाई लोकांना विमा समजावून सांगतात, फुकट. देशात नवीन आलेल्यांना सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातून विमा घ्यायला वेगळे दोन महिने मिळतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. तो दिवस नेमका गुरुवार होता. मी दोघांनाही गाडीत घातलं.

बाईंनी पासपोर्टवरचा शिक्का पाहिला. "वेळ आहे, पण थोडाच. आणि कंपनीचा विमा तुम्ही नाकारलात, त्यामुळे सरकारी सूट मिळणार नाही. पूर्ण हप्ता पडेल."

"पगार माझा आहे. भरीन," रेणू म्हणाली.

"आणखी एक विचारावं लागतं." बाईंनी आवाज हळू केला. "तुम्ही गरोदर आहात? त्यावरून कोणी नाकारू शकत नाही, तरी विचारते."

शेजारच्या टेबलापाशी आमच्या मराठी मंडळाची सुचित्रा बसली होती. तिला कळलं की संध्याकाळपर्यंत वर्ध्याला कळतं. तिने हातातलं मासिक खाली केलं. अनीशने रेणूच्या कोपराला हळूच स्पर्श केला.

रेणूने आधी सुचित्राकडे पाहिलं, हॉर्न वाजवणाऱ्याकडे बघते तसं. मग खुर्ची पुढे ओढली.

"हो, आहे," ती लायब्ररीत कोणी बोलत नाही इतक्या मोठ्यांदा म्हणाली. "मला पुढच्या महिन्यापासून विमा हवा आहे, आणि माझ्या बाळाचे ठोके ऐकवेल असा एक डॉक्टर. एवढंच द्या."