मामंजींचं रान आणि माझं आरोग्यधाम

लहानपणापासून मला दमा होता. औषधांनी काही होईना, तेव्हा वडिलांनी मला पुण्याजवळच्या एका निसर्गोपचार आश्रमात दोन महिन्यांसाठी ठेवलं. मी तिथे दोन वर्षं राहिले. बरी झाले आणि तिथलं काम शिकले. पोटावर मातीची पट्टी कशी ठेवायची, कमरेपर्यंत पाण्यात बसवून कटिस्नान किती वेळ द्यायचं, कुणाला उपास झेपेल आणि कुणाला झेपणार नाही, हे सगळं मी तीन वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा त्या वह्या बरोबर आणल्या. सासरी त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, दरबारात हुद्देदार होते. घराणं मूळचं दख्खनचं. पाच पिढ्यांपूर्वी इकडे आलं आणि जहागिरीत शिवपुरीच्या वाटेवरचं रान मिळालं. मी आले तेव्हा संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला होता. मामंजी सकाळी अंगरखा घालून तयार होत आणि जायचं कुठे नाही म्हणून पाटणकर बाजारापर्यंत फिरून परत येत. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, नव्या सरकारच्या सचिवालयात नोकरी होती. उन्हाळ्यात सगळं सरकार इंदूरला जाई, हिवाळ्यात ग्वाल्हेरला परत येई, आणि हेही फायलींच्या पेट्यांबरोबर जात-येत.

पहिल्याच हिवाळ्यात आम्ही सगळे रानात चार दिवस राहायला गेलो. धावडा, खैर, सालई, मध्ये करवंदीच्या जाळ्या. उंचवट्यावर शिकारीसाठी बांधलेली दगडी कोठी आणि तिच्या मागे बारमाही झरा. त्या चार दिवसांत मला एकदाही धाप लागली नाही. शेवटच्या दिवशी जेवताना मी धीर करून बोलले.

"मामंजी, शहरातली माणसं इथे पंधरा दिवस येऊन राहिली, साधं जेवली, मातीचे-पाण्याचे उपचार घेतले, तर पुष्कळ दुखणी जातील. मला ते काम येतं."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. मामंजी मात्र म्हणाले, "म्हणजे संस्था काढायची? रीतसर?"

"हो."

"मग पाटी आधी बनवून घे. मोठी बनव. सडकेवरून दिसली पाहिजे."

इतक्या सहज होकार मिळेल असं मला वाटलं नव्हतं. सुनेचं ऐकणारा सासरा मिळाला म्हणून मी आईला पत्रसुद्धा लिहिलं.

पाटी लागली आणि मी कामाला लागले. कटिस्नानाचे टब करायला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या पत्रेवाल्याला चित्र काढून दिलं. त्याने म्हैस बसेल एवढे टब केले. ते परत करून नवे करवले. दाल बाजारातून दलिया, मूग, जव आणले. झऱ्याकाठच्या मातीत खडे फार, म्हणून चांगली माती शोधत होते. शेजारच्या वस्तीतली एक सहरिया आदिवासी बाई मला नाल्यापलीकडे घेऊन गेली आणि लोण्यासारखी पिवळी माती दाखवली.

"बाईजी, ये मिट्टी लगवाने लश्कर से लोग आएँगे?" तिने विचारलं.

"आएँगे," मी म्हणाले.

ती हसली नाही, पण पदर तोंडाला लावला.

लोक आले, पण कसे! पहिले पाहुणे मामंजींच्या ओळखीचे, मधुमेह झालेले एक पेन्शनर. ते बंदूक आणि आचारी घेऊनच उतरले. पहिल्या संध्याकाळी मी भोपळ्याचं सूप पुढे ठेवलं तर म्हणाले, "सूनबाई, मी हवा खायला आलोय, उपास करायला नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी चितळ मारलं आणि माझ्या वाफेच्या खोलीत टांगून ठेवलं. मी मामंजींना निरोप धाडला. उत्तर आलं, "राहू दे. कोठीत माणसं दिसली पाहिजेत." तेव्हाही मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही.

खरे रोगी म्हणावेत असे दोघंच आले, ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतले एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको. सुभेदारांचे गुडघे धरलेले. कोठीच्या पायऱ्या त्यांना दोघांनी धरून चढवाव्या लागल्या. मी सांगेन ते ते मुकाट्याने करीत. विसाव्या दिवशी ते काठी न घेता झऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथून मोठ्याने बायकोला हाक मारली. मला वाटलं, आता या दोघांच्या तोंडून मुरारभर नाव होईल.

पण संस्थेला मंजुरी लागत होती, आणि ती काही मिळेना. अर्ज हिवाळ्यात दिला. कागद टेबलावर येईपर्यंत सरकार इंदूरला गेलं. ह्यांनी तिथे चौकशी केली तर कळलं, फाईल ग्वाल्हेरच्या पेटीत राहिली. सरकार परत आलं तेव्हा ती इंदूरला निघून गेली होती. मग जहागिरीची मूळ सनद मोडीत आहे, तिची हिंदी प्रत आणा, असं सांगण्यात आलं. मोडी वाचणारे म्हातारे शोधले, प्रत केली. तर ती प्रत जुन्या खात्याच्या नावाने केलेली, आणि ते खातं तोवर दुसऱ्यात मिळवलेलं. मी नवऱ्यावर चिडायची. ते म्हणायचे, "अगं, मी काय सरकार आहे?" आणि ते खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडायची.

तिसऱ्या हिवाळ्यात एके दिवशी पाहणीला अधिकारी येणार असं समजलं. मी आदल्या दिवशीच रानात पोचले, जमीन सारवून घेतली, टब घासले, नोंदवही ठेवली. सकाळी सडकेवर एक बस थांबली आणि तिच्यातून आमचे नातेवाईक उतरायला लागले. चुलत सासरे, आत्तेसासूबाई, जावा, दीर, वीस-बावीस जण. सगळ्यांत शेवटी मामंजी.

"यांना निजवून माती लाव," ते म्हणाले.

"मामंजी, यांना काय झालंय?"

"काही झालेलं नाही. तू माती लाव. वेळ नाही."

मी जागची हलले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच कामगारांना हुकूम केला. तासाभरात व्हरांड्यात आमचं सगळं गोत पोट उघडं टाकून रांगेत निजलं होतं. थंडीचे दिवस, माती गार. आत्तेसासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि एक दीर खदखदा हसत होता.

अधिकारी तरुण होते, सभ्य होते. रांगेवरून नजर फिरवत त्यांनी मला विचारलं, "ये सब मरीज़ हैं?"

मामंजी माझ्याकडे बघत होते. मी नोंदवही पुढे केली. तीत त्या पेन्शनरांच्या आचाऱ्यासकट सगळी मिळून चार नावं होती, कारण आजवर चारच माणसं आली होती. त्यांनी ती वाचली, शांतपणे मिटली, चहा घेतला आणि गेले.

दोन महिन्यांनी जहागिरीचा निकाल लागला. कोठी, तिच्या आवारातली विहीर आणि पुढचं अंगण आमच्याकडे राहिलं. झरा आणि सगळं रान सरकारजमा झालं. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. संध्याकाळी मला बोलावून घेतलं.

"चार नावांनी रान घालवलंस. वहीत पन्नास नावं लिहायला तुला काय झालं होतं?"

"मामंजी, तुम्हाला आरोग्यधाम हवं होतं ना?"

"आरोग्यधाम कुणाला पाहिजे होतं? जहागिऱ्या सरकार घेणार, पण जी जागा आपल्या वापरात आहे ती सुटेल, असं मला मालूम होतं. म्हणून पाटी लावली. तुला काय वाटलं, मी म्हातारपणी लोकांच्या पोटाला माती फासतो?"

मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. एकही धड झाली नाही. हे नंतर मला म्हणाले, "पन्नास नावं लिहिली असतीस तरी रान गेलंच असतं. सगळ्यांचं गेलं." ते खरं असेल. पण मला रान गेल्याचं दुःख नव्हतंच. दोन वर्षं मी जिवापाड मेहनत केली, आणि ज्याच्या होकारावर केली त्याच्या लेखी ती कुंपणाची एक काठी होती. हे मी नवऱ्याला समजावून सांगू शकले नाही. त्यांना वाटायचं, मी रानासाठीच रडते.

तरी मी एकदा विचारलं, कोठी आहे, विहीर आहे, त्यावर काम चालू ठेवू का? मामंजींनी तोवर कोठी विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराला देऊन टाकली होती. सुभेदार आणि त्यांची बायको पुढच्या हिवाळ्यात आधी ठरल्याप्रमाणे टांगा करून तिथवर गेले आणि पानांचे गठ्ठे बघून परत आले. मग पत्ता काढत आमच्या घरी पोचले. मला त्यांच्याकडे बघवेना. स्वयंपाकघरामागच्या पडवीत मी त्यांच्या गुडघ्यांना शेक दिला आणि माफी मागितली. सुभेदार म्हणाले, "बहूजी, आप क्यों माफ़ी माँग रही हैं?" मी शेकाचं फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं.

पुढे राज्यांची पुन्हा मोडतोड झाली. मध्य भारत गेला, राजधानी भोपाळ झाली, आणि सचिवालयाबरोबर आम्हीही तिकडे गेलो. सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत मी शेजारणींच्या कंबरा आणि गुडघे बघायला सुरुवात केली. पाटी लावली नाही, मंजुरी मागितली नाही. सकाळी दोघी-तिघी यायच्या, कधी कुणीच यायचं नाही. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या क्वार्टरची भिंत दिसे. उपचारात हवा आणि झाडं हे निम्मं औषध, असं मी माझ्या वहीत लिहिलं होतं. त्या खोलीत मी ते वाक्य कुणाला सांगत नसे.

बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. माझी मुलं म्हणतात, "आई, मग झालं ना तुझं काम?" मी हो म्हणते. त्यांना उगाच वाईट कशाला वाटू द्यायचं? पण झालं नाही ते नाहीच झालं.