सातचिंचीची बाईसाब

आमच्या खेळातला पहिला खलनायक हसण्यानं मेला. त्याचं नाव मी ‘काउंट मोर्डेनस्टाइन’ ठेवलं होतं आणि त्याच्या किल्ल्याचं ‘ग्रिमहोल्ट’. धुकं, वटवाघळं, बंद खिडक्या, सगळं जमवून आवाज खोल करून मी म्हणाले, “दार उघडतं, आणि समोर उभा असतो काउंट मोर्डेनस्टाइन...” तेवढ्यात माझा मित्र म्हणाला, “मियां, हे भूत आहे का फरशीचा ब्रँड?” माझी मैत्रीण तोंडात ओढणी कोंबून हसायला लागली. काउंट पुन्हा उठलाच नाही.

आम्ही तिघं एका वर्गात होतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मी पिशोरची, औरंगपुऱ्यात एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. मित्र जुन्या शहरातला. घरात उर्दू, गल्लीत दखनी आणि आमच्याशी मराठी बोलायचा. मैत्रीण बजाजनगरची. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात होते. पुण्याच्या एका भावाकडून तिनंच या खेळाच्या नियमांची छापील पानं आणली होती. खेळ साधा होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि माणूस वाचतो की मरतो असा प्रश्न आला की फासे टाकायचे. हरणं-जिंकणं काही नाही. गोष्टी मात्र सगळ्या भीतीच्या, उजाड वाड्यांच्या, शापांच्या. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी दोघांना खेळायचं होतं.

खेळायची जागा मैत्रिणीच्या घराची बाहेरची खोली. माझ्या घरमालकीणबाईंना मुलगा आलेला चालत नसे, आणि मित्राच्या घरी बसायला कोपरा नव्हता. मैत्रिणीच्या घरी अडचण एकच होती. काका, म्हणजे तिचे वडील, रात्रपाळी करून आलेले असायचे आणि रविवारी दुपारपर्यंत आतल्या खोलीत झोपायचे. त्यामुळे आम्ही सगळा खेळ कुजबुजत खेळायचो. भुताची गोष्ट कुजबुजत सांगितली की आपोआप भारी होते, हे नंतर आमच्या ध्यानात आलं. काकू स्वयंपाकघरात असायच्या. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसे. ऐन रंगात आलेल्या गोष्टीत काकू हळूच दारात यायच्या, “पाणी आलं गं,” म्हणायच्या, की आम्ही शाप-बिप टाकून बादल्या उचलायचो.

काउंटच्या फजितीनंतर मी देशी नावांवर आले. पुढच्या रविवारी नवं गाव मांडलं, प्रेतपूर. त्याच्या वरच्या डोंगरावर रक्तगड.

मैत्रीण म्हणाली, “प्रेतपूरच्या पोरीला स्थळ कसं येईल गं?”

“आणि एस.टी.वर पाटी काय लावणार?” मित्र म्हणाला. “सुन, गावाला नाव ठेवलं तेव्हा भूत आलेलं होतं का? लोक आले, विहीर खणली, पेरलं, तेव्हा नाव पडलं. भूत तो बाद में आया ना.”

मला राग आला, पण बोलणं पटलं. त्याच आठवड्यात पिशोरला जाताना एस.टी.च्या खिडकीतून मी पाट्या वाचत गेले. रोज डोळ्यांसमोरून जाणाऱ्या पाट्या, मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या. कुणी वडावरून, कुणी बोरीवरून, कुणी पहिल्यांदा राहायला आलेल्या घरावरून नाव घेतलेलं. किती गावांच्या नावात पाणी होतं! तळं, झरा, विहीर, डोह. आणि त्या सगळ्या गावांच्या फाट्यावर रिकाम्या घागरी रांगेत ठेवलेल्या, टँकरची वाट बघत. कंडक्टर नाव पुकारायचा आणि खाली उतरणारी बाई आधी त्या रांगेकडे बघायची. प्रेतपूर या नावात मी जी भीती आणू बघत होते ती या साध्या पाट्यांवर आयतीच होती.

मग मला सवयच लागली. मित्राबरोबर जुन्या शहरात हिंडताना तटाच्या दरवाजांची नावं विचारायची. एकाचं नाव काला, एकाचं रंगीन, एकाचं चक्क कटकट. हे मी खेळात ठेवलं असतं तर मैत्रिणीनं मला हाकलून दिलं असतं. नव्या वस्त्यांना तर नावंच नव्हती, एक अक्षर आणि एक आकडा. बायपासकडे बांधकामं वाढत होती, तिथल्या फलकांवर नदीची, बागांची इंग्रजी नावं होती आणि मागं नुसती मुरमाची टेकाडं. शहरालाही तेव्हा लोकांच्या तोंडी दोन नावं होती. मैत्रिणीच्या घरी एक, मित्राच्या घरी दुसरं. रिक्षावाला दोन्हीला तिथंच नेऊन सोडायचा. माझ्या खेळातल्या प्रत्येक गावाला मी मग दोन नावं द्यायला लागले, एक कागदावरचं आणि एक तोंडातलं.

अशातून सातचिंची आली. डोंगराच्या कुशीतलं गाव, वेशीवर चिंचा आहेत म्हणून सातचिंची. मी कुजबुजत वर्णन केलं आणि सहज म्हणून टाकलं, “वेशीवर सहा चिंचा दिसतात.”

कुणी हसलं नाही. मैत्रीण म्हणाली, “सातवी कुठाय?”

मलाही माहीत नव्हतं. मी म्हणाले, “गावात कुणी सांगत नाही.”

त्या दिवशी पहिल्यांदा आमचा खेळ खरा रंगला.

सातचिंचीच्या वाड्यावरच्या भुताचं नाव ठरत नव्हतं. एका जहागीरदाराची बायको, मेल्यावरही गावावर हुकूम चालवणारी. मी दहा नावं काढली आणि खोडली. मित्र म्हणाला, “नावच नको घेऊ. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, सगळे तिला ‘ऊपरवाली खाला’, वरची मावशी, म्हणायचे. मेली तेव्हा दफनाच्या वेळी तिचं नाव कळलं. गाव ज्याला घाबरतं त्याचं नाव घेतं का?” म्हणून ती झाली बाईसाब. गावातलं पोरगंसुद्धा बाईसाब म्हणायचं, आदरानं, मान खाली घालून. ‘बाईसाबला इचारावं लागंल,’ असं गावचा पाटील म्हणायचा तेव्हा मैत्रीण पाय वर घेऊन बसायची.

असे दोन-तीन महिने गेले असतील. एका रविवारी आतल्या खोलीतून, पडद्यामागून आवाज आला, “पोरांनो, ती सातवी चिंच तोडली कुणी?”

आम्ही तिघं दगड झालो. काका पडदा सारून बाहेर आले, लुंगी सावरत भिंतीला टेकून बसले. ते झोपलेले नसायचेच! कारखान्यातून आल्यावर डोळा लागत नाही, मग पडल्या पडल्या ऐकायचो, म्हणाले. “मागल्या बारीला तुम्ही पाणी भरायला उठले अन् गोष्ट तुटली. मी तिकडं आठवडाभर मशीनवर त्याचाच इचार करतोय.”

“बाबा, तुम्ही खेळता का?” मैत्रिणीनं गमतीनं विचारलं.

“व्हय. खेळतो की.”

खेळायचं तर खेळातलं नाव लागतं. मित्रानं त्यांना दोन-चार रुबाबदार नावं सुचवली, शमशेर आणि काय काय. काकांनी मान हलवली. “धोंडू ठेवा.”

“धोंडू?” मैत्रीण म्हणाली. “अहो बाबा, तलवारवाला माणूस आहे तो.”

“असू दे. आमच्याकडं आधीची लेकरं जगली नाय की पुढच्याला धोंडू म्हणायचे, दगडू म्हणायचे. दगड म्हटलं की मरण त्याच्याकडं बघत नाय. तुमच्या खेळात माणसं लई मरतात.”

नंतर मैत्रिणीनं मला सांगितलं की त्यांचे दोन थोरले भाऊ लहानपणीच गेले होते. फासे कसेही पडले तरी त्या धोंडूला मारायला माझा हात धजला नाही. मित्राला ते कळत होतं, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

काकांचं गाव पैठणच्या धरणात गेलेलं. तेव्हा ते तिसरीत होते. त्या उन्हाळ्यात धरण एवढं आटलं की जुनं गाव वर आलं. लोक बघायला जात होते. काका म्हणाले, “चला, तुमच्या खेळासारखं दिसंल.” एका रविवारी आम्ही दोन गाड्यांवर गेलो, काका आणि मैत्रीण एका गाडीवर, मित्र आणि मी दुसऱ्या.

गाळ वाळून त्याचे ताटाएवढे तुकडे झाले होते. त्यातून घरांचे चौथरे वर आलेले, हातभर उंचीचे, आणि एका देवळाचा दगडी चौक. काका भरभर चालत होते. त्यांना वाट विचारावी लागत नव्हती. ही वेस, हा पार, इथून शाळेला जायचो. मग ते शिवाराकडे वळले, तिकडे तर नुसता भेगाळलेला गाळ होता, पण ते हात करून सांगत राहिले. “हे टेकाडाखालचं. ते बामणाचं. आन हे भांडणाचं वावर.”

“कुणाचं भांडण?” मी विचारलं.

“ठावं नाय. माझ्या बापालाबी ठावं नव्हतं. भांडण मिटलं, माणसं गेली, वावराला नाव राहिलं.”

मी म्हणाले, “काका, हे मी खेळात घेणार. हे अख्खं गाव घेणार. पाण्यातून वर येणारं गाव...”

“नाही घ्यायचं,” मैत्रीण म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “तुझ्या त्या भुतांमध्ये आमचं गाव नको. तुला काय, तुझं पिशोर आहे जागेवर.”

मित्र दूर बघायला लागला. काकांनी एक खापराचा तुकडा उचलला, पुसला, परत ठेवला. मग म्हणाले, “घेऊ दे तिला. पर भुताचं गाव करू नको, पोरी. इथं माणसं राहत होती.” थोडं थांबून म्हणाले, “नावबी नको घेऊ. भांडणाचं वावर घे. तेवढं बास.”

परत येताना मैत्रीण माझ्याशी बोलली नाही. पुढच्या रविवारी मी सातचिंचीच्या अलीकडे एक वस्ती मांडली, भांडणाचं वावर. तिथं पोचलं की कुणी भीत नाही. चुली पेटलेल्या असतात, वाटसरूला भाकरी मिळते, आणि भुतं वस्तीच्या बांधापाशी थांबतात. मी वर्णन करत होते तेव्हा मैत्रीण खाली मान घालून फासे हातात खुळखुळवत बसली होती. मग म्हणाली, “माझी माणसं आजची रात्र इथंच मुक्काम करतील.” तेवढ्यावर आमचं मिटलं.

शेवटचा खेळ परीक्षांच्या आधी झाला. तिघं वाड्यात शिरले होते. मित्राकडे मंतरलेला खंजीर होता, मैत्रिणीकडे तेलाचा बुधला आणि काकांच्या धोंडूकडे कंदील. जिना चढून गेल्यावर बाईसाब समोर आली. मी लढाईची सगळी तयारी करून आले होते. मित्र फासे टाकणार इतक्यात काका म्हणाले, “थांब. मला तिला एक इचारायचंय.”

“विचारा,” मी म्हणाले.

काका माझ्याकडे बघून, कुजबुजत, अगदी मवाळपणानं म्हणाले, “बाई, तुमचं माहेरचं नाव काय?”

एवढे महिने मी त्या बाईचा वाडा रचला, दागिने ठरवले, ती कशी मेली ते ठरवलं, आणि ती लग्नाआधी कोण होती हे मला सुचलंच नव्हतं. ते तिघं वाट बघत होते. शेवटी माझ्या तोंडातून निघालं, “चिमी.”

“चिमे,” काका म्हणाले, “चल, लई उशीर झाला. घरी जाऊ.”

मित्रानं फासे खाली ठेवले. मी सांगितलं की कंदिलाच्या उजेडात ती जिना उतरून आली, आणि वाड्याचं दार उघडंच राहिलं. याहून जास्त मला सांगता आलं नाही. मैत्रीण डोळे पुसत होती आणि स्वतःवरच चिडत होती.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “माझंबी बदललं होतं की लग्नात.”

“काय बदललं?” मैत्रिणीनं विचारलं.

“नाव. तुझ्या आजीला आवडलं नाय. तांदळात दुसरं लिहिलं.”

मैत्रीण आईकडे बघतच राहिली. वीस वर्षांची घोडी, आणि तिला हे माहीत नव्हतं. “मग आधी काय होतं?”

काकूंनी पदर सारखा केला, दोन वेळा हसल्या आणि नाव सांगितलं. लहानसं, जुनं, एका फुलाचं नाव होतं. मग काका बशीत चहा ओततच म्हणाले, “मला ठावंय की. तिच्या भावानं एकदा हाक मारली होती, तेव्हा ऐकलं.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” काकू म्हणाल्या.

“तू कधी सांगितलं नाय.”

परीक्षा झाल्या आणि आम्ही पांगलो. मैत्रीण नोकरीला पुण्याला गेली, मित्र काही वर्षं आखातात राहून परत आला. काका निवृत्त होऊन पुनर्वसनाच्या गावी राहायला गेले. मी शहरातच आहे. मागच्या दिवाळीत मैत्रिणीकडे राहायला गेले होते, काका-काकूही तिथं आले होते. सकाळी काकांचा चष्मा सापडत नव्हता. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, त्या फुलाच्या नावानं, आणि आतून काकूंनी जरा चिडूनच “ओ” दिली.