ड्रमसेटचा चार्ज

आमच्या पतसंस्थेच्या शहादा शाखेत एक ड्रमसेट आहे आणि तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये रीतसर नोंदलेला आहे. टेबलं, खुर्च्या, पंखे, लोखंडी कपाटं, वॉटर कूलर आणि त्याच्या पुढच्या ओळीत ड्रमसेट, एक. 'ताबा कोणाकडे' या रकान्यात 'हेड कॅशियर' असं लिहिलंय आणि समोर सही आहे. ती सही माझी. वय सत्तावन्न, नोकरी चौतीस वर्षं, दोन नातींची आजी. धाकटी नात शाळेत सगळ्यांना सांगून आली, "मन्ही आजी ढोल वाजाडस." बाईंनी डायरीत निरोप लिहिला की मुलगी थापा मारते. मी त्याखाली सही करून पाठवली, 'थाप नाही'.

हे सगळं सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. नवे शाखाधिकारी बदलून आले ते गाडीच्या मागच्या सीटवर गिटार घेऊनच. आमचा वसुली अधिकारी गाणारा निघाला. त्याचा आवाज मोकळा, कारण बिचाऱ्याची उभी नोकरी या बांधावरून त्या बांधावर हाका मारण्यात गेली. दोघांनी ठरवलं, स्टाफच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी अंताक्षरी पुरे झाली, आता बँड काढायचा. संध्याकाळी साडेपाचला दिवस बंद झाला, शटर अर्धं खाली आलं, की दोघं रेकॉर्ड रूममध्ये शिरायचे. तिथे कॉम्प्युटरच्या आधीच्या काळातली खतावणीची बाडं लाल फडक्यात बांधून छतापर्यंत रचलेली आहेत. ती बाडं आवाज गिळतात. आत गिटार ठणाणा करत असली तरी बाहेर उभ्या माणसाला वाटावं, कोणी तरी मसाला कुटतंय.

त्यांना ताल धरणारा मिळेना. मोबाईलवर यंत्राचा ठेका लावून वाजवायचे. एक दिवस मी दाराशीच बसून व्हाउचरवर शिक्के मारत होते. शिक्का मारण्याची माझी एक पद्धत आहे. पॅड, कागद, पॅड, कागद, कागद, आणि मग क्षणभर थांबून सही बघायची. चौतीस वर्षांत हात आपोआप चालतो. आतली गिटार थांबली. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, तेच परत मारा."

रॉक म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. वसुलीवाल्याने समजावलं, "रॉक म्हणजे भांडण, काकू, पण तालात." मग मला लगेच कळलं. काउंटरवर मी आयुष्यभर तेच करत आले होते, फक्त तालाशिवाय.

लग्नाच्या वरातीत वाजवणारी गावातली एक बँड पार्टी नुकतीच डीजेच्या गाडीवर गेली होती आणि जुनं सामान विकायला काढलं होतं. आम्ही तिघांनी वर्गणी करून त्यांचा ड्रमसेट आणला. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे कापसाचा भाव बघत होते. मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "लगीनना बँडमा जाशी का आते?" मी म्हटलं, बोलावलं तर जाईन. सुनेने मात्र तिची एक लेगिंग आणून दिली, साडीच्या आत घालायला. पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलामागे साडीत बसायचं तर तेवढी सोय लागतेच. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसते, सुनांना माहीत असते.

आता मला मुळापासून सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई जन्मापासून अशीच.

मी अशी नव्हते. तेवीस वर्षांची असताना मी खापर शाखेत नोकरीला लागले तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. तेल थापलेली घट्ट वेणी, कमरेला रुमाल खोचलेला, आणि रजेचा अर्ज दीड ओळीचा असला तरी खाली 'आपली आज्ञाधारक' तीन वेळा गिरवून लिहिलेलं. कोणी हाक मारली की आधी 'सॉरी सर', मग 'काय सर'. आज ती मुलगी माझ्या काउंटरवर आली तर मी तिला टोकन देऊन तासभर बसवून ठेवीन.

पण या आज्ञाधारक मुलीला एक गोष्ट येत होती. ढोलकी. कळसाडीला माझ्या वडिलांचं भजनी मंडळ होतं आणि लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून मी शिकले होते. खापर शाखेत दरवर्षी सत्यनारायण असायचा. त्या वर्षी ढोलकीवाला कुठल्या तरी लग्नाला गेला होता. मी पुढे झाले, ढोलकी घेतली आणि एक भजन छान लागलं. दुसऱ्याला तेव्हाचे साहेब वाकून म्हणाले, "मुली, लग्न व्हायचंय तुझं. दे इकडे."

मी दिली. एवढ्यावर थांबले असते तर आज लिहायला काही उरलं नसतं. मी 'सॉरी सर' म्हणाले. ढोलकीची दोरी सैल झाली होती ती ओढून नीट केली आणि मग दिली. ज्या गृहस्थांच्या हातात ती गेली त्यांना ताल आणि तालुका यातला फरक कळत नव्हता. मी त्यांना चहा नेऊन दिला, वर विचारलं, साखर बरोबर आहे ना. त्यानंतर कोणत्याही वाद्याला मी हात लावला नाही. कोणी मनाई केली नव्हती. मनाई करायची गरजच कोणाला पडली नव्हती, इतकी मी गुणाची.

तर ड्रमसेट रेकॉर्ड रूममध्ये आला आणि पाठोपाठ ऑडिटर आले. त्यांनी विचारलं, हे कोणाचं? संस्थेच्या आवारात जी वस्तू आहे ती कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असायलाच हवी. साहेबांनी हसत हसत 'कर्मचाऱ्यांकडून भेट' म्हणून ती डेडस्टॉकला चढवली आणि ताबा माझ्या नावावर टाकला, कारण रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडेच असते. तेव्हा आम्हाला ही मोठी गंमत वाटली. वसुलीवाला म्हणाला, काकू, आता तुम्ही सरकारी ढोलकीवाल्या.

आमचं पहिलं गाणं आम्हीच बांधलं. त्याचे शब्द सोपे आहेत. 'लिंक नाही, लिंक नाही, दुपारून या.' इंटरनेटची लाईन गेली की आम्ही काउंटरवरून दिवसाला शंभर वेळा हेच म्हणतो. साहेब गिटारवर गुरगुरायचे, वसुलीवाला पोटातून ओरडायचा, आणि मी पॅड, कागद, पॅड, कागद, कागद, थांब. त्या थांबण्यात मजा होती. तिथे मी मान वर करून समोर बघायची, जशी सही बघते तशी.

यंदा संस्थेला पन्नास वर्षं झाली. सभासदांचा मेळावा ठरला, लोणखेड्याच्या मंगल कार्यालयात, सकाळी अकराला. आमचा बँड कार्यक्रमपत्रिकेत छापला गेला. आदल्या दिवशी दुपारी चेअरमन शाखेत आले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. माणूस वाईट नाही, माझ्या मुलाच्या लग्नात दोन दिवस उभे होते. सोबत त्यांचा भाचा होता, लग्नात ड्रम वाजवणारा. बाहेर त्याचा टेम्पो उभा होता.

आप्पा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि मायेने बोलले. माया होती म्हणूनच ते जास्त लागलं.

"ताई, सहकार खात्याचे मोठे साहेब येणार आहेत. आजी झालात तुम्ही. पाय फाकवून ढोल बडवताना चारचौघांत बरं दिसेल का? उद्या भाचा वाजवेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू तुमचा."

मी म्हटलं, "आप्पा, शाली घरात पाच आहेत. ढोल एकच आहे."

ते हसले. त्यांना वाटलं मी तयार झाले. भाचा म्हणाला, "मावशी, किल्ली द्या, सामान भरून घेतो."

आता खरं सांगते. माझा हात ड्रॉवरकडे गेला. किल्ली द्यायलाच गेला. 'सॉरी सर' घशापर्यंत आलं होतं, चौतीस वर्षांनी, जसंच्या तसं. ती वेणीवाली पोर माझ्या आत कुठे बसून होती कोण जाणे, चांगली टुणकन उठून उभी राहिली. आणखी क्षणभर गेला असता तर मी ढोलाचे स्क्रूही आवळून दिले असते.

ड्रॉवरमध्ये किल्लीच्या वर चार्ज रजिस्टर होतं. आमच्याकडे कोणतीही गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात गेली की त्याला चार्ज देणं म्हणतात आणि त्याची नोंद होते. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि शेवटचा रकाना, कारण. पूर्वी लोक तो रिकामा सोडायचे. मग एकदा किल्ल्यांचा घोळ झाला आणि आप्पांनीच सर्क्युलर काढलं की कारणाचा रकाना कोरा राहिला तर चार्ज धरला जाणार नाही. ते सर्क्युलर माझ्या टेबलाच्या काचेखाली लावलेलं आहे.

मी किल्लीऐवजी रजिस्टर बाहेर काढलं आणि आप्पांपुढे उघडून ठेवलं. म्हटलं, चार्ज न्या. घेणाऱ्याने इथे सही करायची, मी इथे करते. कारण तेवढं तुम्ही लिहा, कारण मला माहीत नाही.

"लिहा ना काहीतरी," आप्पा म्हणाले.

मी काचेवर बोट ठेवलं. सर्क्युलरच्या खाली त्यांचीच सही होती.

साहेबांनी एकाएकी कॉम्प्युटरमध्ये फार लक्ष घातलं. वसुलीवाला मात्र उठून जवळ आला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आप्पासाहेब, 'आजी झाल्या म्हणून' असं लिहायचं का? अक्षर माझं चांगलं आहे."

आप्पांनी पेनचं टोपण काढलं. रकान्याकडे बघत राहिले. पुढच्या महिन्यात ऑडिट होतं. तोंडाने म्हणायला ती गोष्ट किती सोपी होती, आणि निळ्या शाईने, तारखेसह, संस्थेच्या शिक्क्याखाली लिहायला किती अवघड. मला खापरचे साहेब आठवले. त्यांच्यापुढे असं रजिस्टर असतं तर? पण त्यांच्यापुढे मी होते, आणि मी रजिस्टर मागणारी नव्हते.

चेअरमनकी चालेना तेव्हा आप्पा गावावर आले. मराठी सोडून घरच्या बोलीत म्हणाले, "घरनी बाई शे तू, ताई. आयक मन्हं."

"आयकं ना आप्पा. चौतीस वरीस आयकं. आते सही करा, नहीतर ढोल आठेच ऱ्हाई."

काउंटरपलीकडे पासबुक भरायला आलेल्या दोन बाया माना लांब करून ऐकत होत्या. आप्पांनी पेनला टोपण लावलं, ते खिशाला अडकवलं आणि उठले. दारातून वळून भाच्याला म्हणाले, टेम्पो काढ. ते गेल्यावर वसुलीवाल्याने मला चहा आणून दिला. साखर बरोबर आहे ना, हे या वेळी त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी वाजवलं. फार ग्रेट वाजवलं असं काही नाही. सुरुवातीला बूट पेडलवरून घसरला आणि मोठा ढोल एक घाव चुकला. पुढे एक काठी हातातून सुटली ती थेट खात्याच्या साहेबांच्या पायाशी. त्यांनी ती उचलून आणून दिली, मी डाव्या हाताने ठेका चालू ठेवून उजव्याने घेतली. पण 'लिंक नाही' सुरू झालं आणि सभासद हसायला लागले. हे शब्द त्यांनी माझ्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलेत की तिसऱ्या खेपेला सगळं कार्यालय 'दुपारून या' म्हणत होतं. मागून एक म्हातारे ओरडले, "आते तरी उनी का लिंक?" मी थांबायच्या जागी थांबले, मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं. चौतीस वर्षं बघते तशीच. मग दोन्ही हातांनी शिक्का मारला.

आभाराच्या भाषणात मांडववाल्यापासून केळी पाठवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले गेले. आमचे नाही. माझा सत्कारही राहून गेला. शाली पाचच राहिल्या.

आता निवृत्तीला आठ महिने उरलेत. साहेबांनी परवा हळूच विषय काढला, की मॅडम, निवृत्त झाल्यावर ड्रमसेटचा चार्ज द्यावा लागेल, बँड फक्त नोकरीतल्या लोकांचा असतो ना. मी विचारलं, असं सर्क्युलर आहे का? ते म्हणाले, सर्क्युलर नाही, पण पद्धत आहे. मी म्हटलं, पद्धतीनेच खापरला ढोलकी गेली होती. तिजोरीच्या किल्ल्या देईन, शिक्के देईन, खुर्ची देईन, त्या सगळ्यांचं कारण छापील आहे, वयोमानानुसार निवृत्ती. ढोलाला ते लागू नाही. दर गुरुवारी साडेपाचला मी दाराशी येणार. रेकॉर्ड रूम उघडायची नसेल त्या दिवशी रजिस्टर काढा, कारण लिहा आणि खाली सही करा.

पेन मी घेऊन येईन.