पापण्या वाढवायला मुंबईस

वेंगुर्ल्याहून आगबोट सुटली तेव्हा माझ्या डोळ्यांतून इतके पाणी वाहत होते की किनारा दिसलाच नाही. सोबतच्यांना वाटले, घर सोडताना रडतो आहे. खरे तर पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचत होते. उजव्या डोळ्यात फूल (पांढरा डाग) पडून तो गेलाच होता. मी दागिन्यांचे मोती ओवणारा. डावाही गेला तर सगळेच आटोपले. इतकी वर्षे बायको रोज सकाळी उंबऱ्यापाशी माझे डोके मांडीवर घेऊन चिमट्याने टोचरे केस उपटी. ते पुन्हा उगवत. आता पापणीच सरळ करून परतायचे, असे ठरवून निघालो.

मुंबईस पडावातून (धक्क्यावर नेणाऱ्या होडीतून) उतरलो आणि घोड्यांच्या ट्रामने भायखळ्यापर्यंत, पुढे चालत, लालबागला थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, खोलीवर पोहोचलो. तिने तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके वाढले आणि जेवण होताच चिमटा काढला.

"डाक्तराकडे असे डोळे घेवन जातलस? बस हंय."

मलाही पटले. परक्याकडे जायचे तर नीटनेटके जावे. तिने एकही केस शिल्लक ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली. "केस कुठे गेले?"

"बहिणीने साफ केले."

ते हसले, मग गंभीर झाले. "कुठला केस कुठे वळतो ते दिसल्याशिवाय कापू काय? वाढवून या. मलम घाला, डोळा मिटून ठेवा. पण चिमटा लावलात तर मी हात लावणार नाही."

केस वाढू लागले तशी डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग होई. भीती वाटे, सरळ व्हायच्या आधीच हा डोळा जाईल. एका पहाटे धीर सुटला.

"चिमटो दी गो, आक्का."

तिने तो कनवटीला खोचला होता. "नाय. माझ्या हातान बिघाडला, मीच सांभाळतलंय."

तिचा राग आला आणि तितकीच मायाही वाटली.

अखेर पापणी कापायचा दिवस आला. बधिर करणारे थेंब घातले, तरी कात्रीचा आवाज ऐकू येत होता. "हलू नका," डॉक्टर म्हणाले. मी खाटेची कड घट्ट धरून पडलो. पट्टी सुटली तेव्हा आक्काने सुई-दोरा पुढे केला. पहिल्याच खेपेस ओवला. ती पदरात तोंड लपवून रडली.

घरी आलो तर बायको चिमटा घेऊन उंबऱ्यापाशीच बसलेली. डोळा न्याहाळून तिने चिमटा बाजूला ठेवला.

"म्हणजे आता सकाळी माझ्याकडे येवचे नाय तुमी?"

मुंबईत याचा विचार मी केलाच नव्हता. दुसऱ्या सकाळी उंबऱ्यापाशी गेलो आणि तिच्या मांडीवर डोके ठेवले. इतक्या वर्षांत तिचा चेहरा तिथून मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसला.