निघोजच्या गारगोट्या आणि मोकळे हात

निघोजला मी रागाच्या भरात गेले. बहात्तर सालची गोष्ट. नगरला आमच्या मागच्या पडवीत माझं दगड कापायचं छोटं मशीन महिनाभर बंद होतं. सासूबाईंचा हुकूम: सवाष्णीने बांगड्या काढून त्याला हात लावायचा नाही. आणि फिरत्या पात्यापुढे काचेच्या बांगड्या घालून बसणं म्हणजे मनगटावर पाणी सोडणं. म्हटलं, आधी दगड तर आणते, मग बघू कोण अडवतं!

नणंद शालू बरोबर निघाली. एसटीने पुणे रस्त्याने शिरूर, तिथून दुसरी गाडी. जाणार असाल तर डबा आणि पाणी न्याच. आम्ही भाकरी, ठेचा नि कांद्यावर दिवस काढला. भाडं किरकोळ, धूळ मात्र पोटभर.

कुकडीचं पात्र बघून राग विसरले. काळ्या खडकात पाण्याने कोरलेले रांजणखळगे, माणूस उभा मावेल एवढे! आम्ही खालच्या अंगाला गोटे धुंडाळले. ओळखायची रीत सोपी. दगडावर चाकूने ओरखडा काढायचा. उठला तर दगड मऊ, टाकून द्यायचा. नाही उठला आणि उन्हात धरल्यावर कडेने उजेड दिसला, तर गारगोटी.

धुणं धुणाऱ्या एका बाईने विचारलं, "दगडं कशाला नेता वो? नगरला सपली व्हय?"

"कापून बघायचेत, आत काय रंग निघतात ते," शालू म्हणाली.

"अन् घरचे काय म्हनत न्हाईत?"

"म्हणतात की! म्हणून तर आले," मी म्हटलं. ती खदखदून हसली.

परतीच्या गाडीत कंडक्टरने दगडांच्या पोत्याला लगेजचं भाडं लावलं. भांडले, हरले, पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बांगड्या उतरवल्या. पदर खोचला, केस घट्ट बांधले, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला. पात्यावर पाण्याची धार सोडली. ती नसली तर दगडाची धूळ छातीत जाते.

सासूबाई दारात आल्या. "मोकळ्या हातांनी बसलीस? माझ्या मुलाच्या जिवावर उठलीस का गं?"

फार लागलं ते. त्यांचा मुलगा पेपरात डोकं घालून बसला होता.

"आई, हात शाबूत राहिले तर संध्याकाळी पुन्हा चढवीन. मनगटच गेलं तर कशात घालू?"

त्या आत गेल्या. मी मशीन चालू केलं. पहिला गोटा आतून करडा निघाला, मधोमध तडा. शालूचा चेहरा पडला. मी दुसरा उचलला.

त्यातला दाखवण्यासारखा एकही दगड आज माझ्याकडे नाही. पण त्या दिवशी सासूबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली, तरी पोतं रिकामं होईपर्यंत मी उठले नाही.